गुळगुळीत पुंगळी

४ नोव्हेंबर

भावजी,

पत्राच्या वरच्या बाजूला जे काय लिहायचं असतं ते मी लिहिलं आहे असं समजा. हे गेले तेव्हा निघताना तुम्ही म्हणाला होता, "वहिनी, काही लागलं तर कळवा." वर्ष होत आलं, काही लागलं नाही. आता लागलं आहे.

वस्तीत एक रानडुक्कर उतरतो. एकटाच आहे, नर आहे, मागच्या एका पायानं लंगडतो आणि माणूस दिसला की पळत नाही, अंगावर येतो. शाळेची मागची भिंत आणि पोल्ट्रीची शेड यांच्यामध्ये जो बोळ आहे, तो त्यानं आपलाच करून टाकला आहे. मागच्या आठवड्यात टपालवाल्याची मांडी फाडली. तो माणूस सायकलवर होता म्हणून वाचला. सायकल वाचली नाही. आता टपाल अंडीवाल्याच्या गाडीतून येतं, त्याच्या लहरीप्रमाणे. आरोग्य केंद्रातला फोन खांब पडल्यापासून मुका आहे. म्हणून हे पत्र.

धाकटी त्याच केंद्रात नर्स आहे, तुम्हाला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी ती त्याच बोळातून घरी येते. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. मी म्हटलं, सुट्टी घे. म्हणाली, "आई, डुकराला मी सुट्टीवर गेल्याचं कोण सांगणार?" तिच्या बापाचीच जीभ.

वनरक्षकानं एका डुकराला मारायची परवानगी दिली आहे, या महिनाअखेरपर्यंत. वस्तीत बंदूक एकच, ह्यांची. लायसन ह्यांच्यामागे घरातल्याच माणसाच्या नावावर झालं आहे, त्यामुळे कागदाची अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. कपाटात तीन तऱ्हेची काडतुसं आहेत: बारीक छर्ऱ्यांची, मोठ्या दाण्यांची, आणि एका डब्यात पाच, ज्यांत एकच जाडजूड गोळी आहे. नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायच्या पुंगळ्याही तीन. एकीच्या काठावर तीन खाचा, एकीच्या पाच, आणि एक गुळगुळीत, खाचच नाही. कुठल्या काडतुसाला कुठली पुंगळी? ही बंदूक तुम्हीच दिलीत, तुम्हीच सांगा. चूक होऊन चालणार नाही.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. एकदा डुकरासाठी, एकदा तुमच्या अक्षरासाठी. दादा सांगायचा, ही शिवणयंत्राच्या माहितीपुस्तकावरून वाचायला शिकली. खरं असावं. तुमचं पत्र तसंच आहे, एक टाका वाकडा नाही.

आता नीट ऐका. त्या पुंगळीला चोक म्हणतात. चोक म्हणजे नळीचा गळा. बागेतल्या पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब जातं, सोडलं की जवळच पसरतं. छर्ऱ्यांचं तसंच. गळा आवळला की छर्ऱ्यांचा घोळका लांबवर एकत्र राहतो. म्हणून उडत्या पाखराला, बारीक छर्ऱ्याला, आवळलेला चोक. मोठ्या दाण्यांना मधला. फार आवळला तर दाणे एकमेकांना ठेचतात आणि भलतीकडे जातात. आणि काडतुसावर पोलादी छर्रे असं छापलं असेल तर आवळलेल्याचं नावच नको, पोलाद दबत नाही, नळीच दबते.

गोळीचं काडतूस, आम्ही त्याला स्लग म्हणतो, ही वेगळी जात. तिथं घोळका नाहीच, एकटा जीव. त्याला आवळून काय मिळणार? शिसं मऊ असतं, गळ्यातून जाताना पिळलं जातं आणि बाहेर पडल्यावर दारुड्यासारखं चालतं. वाईट नशीब असेल तर पुंगळी फुगते, नळीचं तोंड फाटतं. म्हणून स्लगला सगळ्यात मोकळा चोक.

कंपनीची रीत अशी: खाचा जितक्या कमी, तितका गळा आवळलेला. एक खाच म्हणजे पूर्ण आवळलेला, तीन म्हणजे मधला, पाच म्हणजे मोकळा. दादाला मी हे तीनच दिले होते. तुमच्या डब्यात एक खाचेचा दिसत नाही, हरवला असेल. गुळगुळीत आहे ती माझ्याकडची नव्हे. कुठल्यातरी बाजारात त्यानं उचललेलं भंगार. तिला हातही लावू नका. अनोळखी पुंगळी आट्यांत बसते, पण आत नीट टेकत नाही. गोळी तिच्या काठावर आपटली की नळीच्या चिंध्या होतात, आणि धरणाऱ्या हाताच्याही.

तेव्हा: स्लग, आणि पाच खाचांची पुंगळी. मोठे दाणे त्या बोळात नकोत. शेजारी शाळा आहे, एक दाणा चुकार निघाला तरी तो कुठं जाईल ते कुणी सांगू शकत नाही. आणि गोळी झाडायच्या आधी मागे काय आहे ते पाहायचं. डुक्कर नंतर, मागचं आधी. लायसन जावयांच्याच नावावर असणार, त्यांना हे तोंडपाठ करायला लावा. आधी कागदावर तीन गोळ्या झाडून पाहायच्याच. "पाचातल्या तीन वाया कशाला" असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

लंगडतो म्हणता ना, म्हणजे कुणीतरी अर्धवट मारून सोडलेलं जनावर आहे. असलंच जनावर माणसावर येतं. ज्या शहाण्यानं हे केलं त्याची बंदूक काढून घ्यायला हवी होती.

एक विचारू? शेवटची तीन वर्षं दादा माझ्या बंदुकांच्या दुकानात फिरकला नाही. बंदूक तेलपाण्यालाही पाठवली नाही. शेवटचं पत्र आलं तेही कानशी मागायला. माझं काही चुकलं होतं का?

तुमचा दीर


१६ नोव्हेंबर

भावजी,

आधी कामाचं. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पाच खाचांची पुंगळी पान्यानं घट्ट बसवली. शिवणाचा मोठा खाकी कागद जुन्या दारावर ठोकला, मध्ये खडूनं बशीएवढा गोल काढला. मागे पोल्ट्रीच्या पाण्याच्या टाकीचा मातीचा बांध. अंतर बोळात लागेल तेवढंच.

पहिली गोळी दाराच्या डाव्या कडेला लागली. दुसरी दाराला लागलीच नाही. तिसरी खाली, चौकटीच्या लाकडात. गोल जसाच्या तसा. वनरक्षक टोपी काढून डोकं खाजवत राहिला. पुंगळी काढताना पाना दोनदा निसटला, शेवटी जोर लावून निघाली.

हाताचाच दोष आहे, बंदुकीचा नव्हे. खांदा निळा झाला आहे आणि उजवा हात भरल्या पेल्यासारखा हिंदकळतो. आता तुम्हाला कळलंच असेल. लायसन माझ्या नावावर आहे. परवानगीच्या कागदावर लिहिलं आहे की लायसनदारानंच गोळी झाडायची. जावयांचं म्हणाल तर ते झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात, माणूस सोन्यासारखा आहे, पण खुर्चीवरचं सोनं. पहिल्या पत्रात मी "घरातला माणूस" लिहिलं ते मुद्दामच. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पुंगळ्यांबद्दल एक ओळ लिहिली असती आणि मला समजावण्याबद्दल चार पानं. मला उलटं हवं होतं.

हाका, म्हणजे डबे वाजवून त्याला बोळातून हुसकायचं, शनिवारी, २२ तारखेला, सकाळी. मी पोल्ट्रीच्या खाद्याच्या ओट्यावर उभी राहणार. डुक्कर बोळातून बाहेर पडेल तिथं त्याच्यामागे बांध आहे, शाळा नाही. तो ओट्यावर चढू शकतो का, असं मी विचारलं. वनरक्षक म्हणाला, "लंगडा आहे हो, काकी." म्हणजे चढू शकतो.

आता तुमचा प्रश्न. तुमचं काही चुकलं नव्हतं. ह्यांचे डोळे गेले होते. एकदम नाही, कडेकडेनं, खिडकीची दारं कुणी सावकाश ओढून घ्यावीत तसे. मधलं दिसायचं, बाजूचं नाही. मग मधलंही धूसर. मला म्हणाले, "त्याला कळवलंस तर तो पहिल्या गाडीनं येईल आणि बंदूक घेऊन जाईल. मग मी कोण उरलो?" त्यांना वचन दिलं होतं. आता वचन घेणारा नाही, तेव्हा सांगते. शेवटी शेवटी सगळं अंगठ्यानं चालायचं. बटणं अंगठ्यानं, नाणी अंगठ्यानं, काडतुसं, पुंगळ्या, सगळं. बाहेरच्या कुणाला पत्ता लागला नाही. तुमचा तर त्यांनी सगळ्यात जास्त धसका घेतला होता, कारण तुम्हीच ओळखलं असतं.

दोन गोळ्या उरल्या आहेत. हात आवळून धरायची सवय करते आहे, पाण्यानं भरलेली घागर धरून उभी राहते. धाकटी म्हणते, "आई, डुक्कर तुला पाहून हसूनच मरेल."

वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

बंदूक चालवू नका.

हे पत्र शनिवारच्या आत पोचलंच पाहिजे. केंद्रात सकाळपासून फोन लावतोय, नुसती घरघर. माझा गुडघा प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर मीच आलो असतो. अंडीवाल्याच्या मालकाला गाठून पत्र त्याच्या खिशात घातलं आहे.

दोष हाताचा नाही. थरथरत्या हाताच्या गोळ्या गोलाच्या आसपास पडतात. तुमची एक डावीकडे, एक बेपत्ता, एक खाली. ही पिळून निघालेली गोळी आहे. पुंगळी निघताना अडली, ती अडणारच, तिला ताण बसला आहे.

तुम्ही लिहिलंत, पुंगळ्याही अंगठ्यानं. मी दुकानातली एक घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. कंपनीच्या खाचा इतक्या बारीक असतात की माझ्या अंगठ्याला काही कळेना. मग दादाला कसं कळत होतं? आणि मग ते कानशीचं पत्र आठवलं. एक तिकोनी हवी, बारीक दातांची, आणि एक सपाट. मी पाठवल्या. कशाला, हे विचारलं नाही, कारण रागावलो होतो.

दादा माझ्या दुकानात बसून नेहमी भांडायचा. "जास्त आवळलेल्याला कमी खाचा? हे उलटं कुणा शहाण्यानं ठरवलं? आवळशील तेवढी एक खाच जास्त, असं हवं." मी हसायचो. वहिनी, त्यानं ते तसं करून घेतलं आहे. एक खाचेची हरवलेली नाही. तिला त्यानं आणखी चार खाचा पाडल्या, अंगठ्याला लागतील अशा खोल. ती तुमची पाच खाचांची. पूर्ण आवळलेली. आणि मूळची पाच खाचांची, मोकळी, तिचा काठ त्यानं सपाट कानशीनं घासून साफ केला. गुळगुळीत म्हणजे मोकळी. जिला मी भंगार म्हणालो, तीच.

खात्री करायची असेल तर शिवणाचं लाकडी रीळ पुंगळीत सोडून पाहा. जिच्यातून ते अलगद जाईल ती मोकळी.

पाच खाचांची पुन्हा बसवू नका. पुढची गोळी कागदापर्यंत जाईल की तुमच्या तोंडावर येईल, हे मी सांगू शकत नाही. माझ्याच अक्षरात लिहिलेलं तुम्ही पाळलंत, याहून वाईट काय असेल? हे पत्र हातात पडलं की कुणाबरोबर तरी एक ओळ पाठवा. तोपर्यंत मी केंद्राचा फोन लावतच राहीन.

तुमचा दीर


२१ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं काही पत्र नाही. अंडीवाला आलाच नाही. पोल्ट्रीवाला म्हणतो, गाडी घाटात बंद पडली असेल, तिचं ते नेहमीचंच. हे पत्रही उद्यापर्यंत तुम्हाला मिळणार नाही हे कळतं मला. तरी लिहिते, कारण विचारायला दुसरं कुणी नाही.

काल संध्याकाळी तो धाकटीच्या मागे केंद्राच्या फाटकापर्यंत आला. ती आत शिरली, फाटकाचा खालचा गज त्यानं वाकवला. आज शाळेला सुट्टी दिली आहे. पुढच्या आठवड्यात परवानगी संपते. उद्या माघार घेता येणार नाही.

दुपारी डबा घेऊन बसले. पाच खाचांची आणि तीन खाचांची पुंगळी डब्यात नुसत्याच पडलेल्या असतात. गुळगुळीत तेवढी फलालीनच्या चिंधीत गुंडाळलेली. चिंधी माझ्याच शिवणातली, कड मी घातलेली. ह्यांची सवय तुम्हाला माहीत आहे. जे नेहमी लागायचं तेच हे गुंडाळून ठेवायचे. चष्मा, दाढीचं पातं. भंगार गुंडाळून ठेवणारा हा माणूस नव्हता. भंगार ते माझ्या कामाच्या टेबलावर टाकायचे.

हातात रीळ होतं. चाळा म्हणून ते पाच खाचांच्या पुंगळीत सोडलं, तर तोंडाशी अडकलं. गुळगुळीत पुंगळीतून आरपार खाली पडलं, फरशीवर लोळत गेलं. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तुम्ही लिहिलंत पाच म्हणजे मोकळी. मग रीळ खोटं बोलतं का?

पण तुम्ही असंही लिहिलंत की अनोळखी पुंगळी आत टेकत नाही आणि नळीच्या चिंध्या होतात. तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत. मी आयुष्यभर काखा आणि कॉलरी कापल्या. एका बाजूला तुमचा शब्द, दुसऱ्या बाजूला एक चिंधी. दोन्हींपैकी एक चुकलं तर हात जाईल, आणि दोन्हींतलं काहीच न निवडता मोठे दाणे घेतले तर शेजारी शाळा आहे. सुट्टी असली तरी राखणदाराची बायको तिथंच राहते.

माझं बरंवाईट झालं तर शिवणयंत्र धाकटीलाच द्या, तिला शिवता येत नसलं तरी. विकू नको म्हणावं.

वहिनी


२३ नोव्हेंबर

भावजी,

आहे मी. दोन हात, दोन डोळे, सगळं जागच्या जागी. तुमचं २० तारखेचं पत्र आज सकाळी मिळालं. अंडीवाला गाडीला लाथा घालतच आला. पत्र वाचलं आणि पायरीवर बसले. जे मी चिंधीवरून ठरवलं ते तुम्ही कानशीवरून ओळखलंत.

माफ करा, पण तुमचं ऐकलं नाही. शनिवारी उजाडताच जावयांना म्हटलं, शिवणयंत्र बाहेर ओढा. त्यांना वाटलं मला भ्रम झाला. बंदूक यंत्राच्या लोखंडी पायांना करकचून बांधली, गुळगुळीत पुंगळी फडक्यानं धरून बसवली, दोनांतली एक गोळी भरली आणि चापाला सुतळी बांधून आम्ही पोल्ट्रीच्या भिंतीआड गेलो. जावयांनी कानावर हात ठेवले आणि विचारलं, "सासूबाई, यंत्र फुटलं तर?" म्हटलं, फुटलं तर कपडे हातानं शिवीन. सुतळी ओढली.

नळी शाबूत. पुंगळी शाबूत. कागदावर खडूच्या गोलात, मध्यापासून बोटभर उजवीकडे, एक स्वच्छ भोक. शिवणाच्या टोच्यानं पाडल्यासारखं. वनरक्षकानं टोपी डोक्यावर घातली.

म्हणजे गोळी एकच उरली.

ओट्यावर उभी राहिले. वरून पत्र्याचे डबे वाजायला लागले. सगळ्यात मोठ्यानं जावई वाजवत होते, सांगून खरं वाटणार नाही. तो बोळातून आला तेव्हा पळत नव्हता. चालत होता, मागचा पाय ओढत. माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. घागर धरायचे तसा हात आवळून धरला. तेव्हा तुमचंच वाक्य तोंडात आलं, डुक्कर नंतर, मागचं आधी. मागे पाहिलं. माती. नुसती माती. मग त्याच्याकडे पाहिलं. तो निघाला होता.

ओट्यापासून हाताच्या अंतरावर पडला. पुन्हा उठला नाही.

आता जे लिहिते ते तुम्हालाच लिहिते. वनरक्षकाला जनावर तपासून कागद करावा लागतो. मागच्या मांडीत, कातडीखाली, जुन्या भरून आलेल्या जखमेत दोन मोठे दाणे निघाले. त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवले. मग कागद लिहायला बसला. वस्तीत बंदूक एकच आहे.

मागच्या थंडीत, जाण्याच्या थोडे दिवस आधी, हे एका संध्याकाळी एकटेच बंदूक घेऊन गेले होते. परत आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "चुकला." मी जेवायला वाढलं. चुकला नव्हता, भावजी. लागला होता, नको तिथं, नको तेवढा. दिसलं नसेल. की कळलं होतं आणि मला सांगितलं नाही, ते आता कुणाला विचारू? तुम्ही लिहिलं होतं, ज्या शहाण्यानं हे केलं त्याची बंदूक काढून घ्यायला हवी होती. ते वाक्य मी दोन आठवडे दुसऱ्याच कुणाबद्दल वाचत होते.

टपालवाल्याकडे गेले आणि सांगून टाकलं. त्याला कळायला हवं होतं. मांडीला टाके असलेल्या त्या माणसानं मला खाटेवर बसायला सांगितलं. मग म्हणाला, "काकी, तुमच्या यजमानांची पत्रं मी वीस वर्षं आणली. त्यांनी पोच जरा उशिरा दिली, एवढंच." आणि हसायला लागला. मग टाके दुखले म्हणून थांबला. मी मात्र त्याच्या घरातच रडले. वर्षभरात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात.

बंदूक, डबा आणि दोन दाणे अंडीवाल्याबरोबर पाठवते. वनरक्षकानं नेण्याचा कागद सोबत दिला आहे. ठेवून घ्या.

वहिनी


३० नोव्हेंबर

वहिनी,

बंदूक मिळाली. दाणेही.

आधी मी पुंगळ्या मापल्या. जे तुमच्या रिळानं सांगितलं तेच माझ्या मापानं सांगितलं. पाच खाचांची एका बाजूनं किंचित फुगली आहे. ती मी ठोकून चपटी केली, पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून. गुळगुळीत मात्र मी बराच वेळ हातात धरून बसलो. काठ इतका सारखा घासला आहे की कुठं सुरू केलं ते सापडत नाही. अर्धा आंधळा माणूस आणि हे काम. मी डोळस आहे, चाळीस वर्षं कानस धरतो, माझा असा निघत नाही.

मी येऊन बंदूक नेली असती, हे खरं आहे. म्हणूनच त्यानं सांगितलं नाही, हेही खरं. नेली असती तर टपालवाल्याची मांडी शाबूत राहिली असती आणि दादा माझ्याशी मरेपर्यंत बोलला नसता. तसाही तो बोलला नाहीच.

तुम्ही मला भाऊ मानता म्हणून लिहितो. त्याला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुमचा हक्क पहिला. माझं ठरत नाही अजून. रोज सकाळी ठरवतो, दुपारपर्यंत मोडतं.

आता बंदुकीचं काय करू? विकू, वितळवू, की ठेवू? लायसन तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा दीर


८ डिसेंबर

भावजी,

विकू नका. वितळवूही नका. डुक्कर पुन्हा येतील, हा शेवटचा नव्हे, आणि वस्तीत बंदूक एकच आहे. तेल लावून तयार ठेवा. तुमचा गुडघा मोकळा झाला की मी येईन. चार दिवस राहीन आणि तुमच्याकडून नीट शिकीन, कागदावर, दारावर, वाया जातील तेवढ्या गोळ्या जाऊ देत. माझे डोळे जाऊ लागले तर तुम्हाला पहिलं पत्र येईल. धाकटीला तसं सांगून ठेवलं आहे, म्हणजे मी लपवलं तरी ती लपवणार नाही.

माफीचं माझंही ठरलेलं नाही. काम करताना मधेच राग येतो आणि मग यंत्र थांबवून मी त्यांच्या जागेकडे बघते. राग कुणावर काढणार? खुर्ची आहे, टोपी आहे. मग दोरा ओवते आणि पुढे शिवते. तुम्हीही तसंच करा. कानस हाती असली की बरं जातं.

एक काम आहे. चपटी केलीत तिच्या जागी पूर्ण आवळलेली नवी पुंगळी करा आणि तिन्हींवर, बाहेरच्या बाजूला, अक्षरं कोरा. खाचा नकोत, आकडेही नकोत. मोकळी. मधली. आवळलेली. एवढे तीन शब्द, अंगठ्यालाही लागतील असे खोल, पण डोळ्यांनी वाचता येतील असे. गुळगुळीत आहे तिचा काठ तसाच राहू द्या, अक्षर बाजूला. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते रीळ टाकून ओळखायची पाळी माझ्यामागे कुणावर येऊ नये.

टपालवाला काठी टेकत फिरायला लागला आहे. बोळातूनच येतो, मुद्दाम. हे पत्र अंडीवाल्याला देणार म्हटलं, तर ते नेण्यासाठी तो पायरीवर बसूनच राहिला आहे. म्हणाला, "हे माझं काम आहे, काकी."

वहिनी